हनुवटीवरचे तीन ठिपके

राहनाळच्या रस्त्याला कार्तिकात एक वास येतो. अर्धा कापलेल्या भाताचा आणि अर्धा गोदामांतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मी लहान असताना नुसता भाताचा यायचा, आणखी काही वर्षांनी नुसता पुठ्ठ्याचा येईल. सध्या दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. काल शेअर रिक्षातून जाताना तो नाकात शिरला आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाले, "कापणी लागली वाटतं." ती म्हणाली, "आमची झाली. झोडायची ऱ्हायली हाय." एवढंच बोलणं झालं. पण दोन गोदामांच्या मधली ओळखीची एक चिंचोळी पट्टी कापून मोकळी झालेली दिसली आणि मग घर येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. आल्या आल्या कपाट उघडून मी मॅक्रो लेन्स काढली आणि पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

ही लेन्स खरं तर माणसांसाठी नाही. मुंगीचे पाय, फुलातले पराग, अंगठीतला खडा, असल्या बारीक जिनसा चौकटभर दाखवायला ती केलेली असते. मी घेतली ती कापडासाठी. आमच्या भिवंडीत कापड विकणाऱ्याच्या खिशात पूर्वी एक घडीचं भिंग असायचं. ते कापडावर टेकवून, एक डोळा मिटून तो इंचात किती धागे बसलेत ते मोजायचा. आता सुरतेचा नाही तर कोलकात्याचा व्यापारी एवढ्यासाठी गाडीत बसत नाही. तो फोनवर फोटो मागतो आणि त्यात त्याला धागा न् धागा दिसायला हवा असतो. माझं पोट या धाग्यांवर चालतं. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हे वरकड.

माझा स्टुडिओ धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आहे. खाली कापड विणणारे बारा लूम, वर मी. लूम चालू असले की पायाखालची फरशी थरथरत राहते. साध्या फोटोला त्याचं काही वाटत नाही, पण मॅक्रोला सगळंच वाटतं. ती थरथर फोटोत उतरते आणि एकेक धागा दुहेरी दिसायला लागतो. म्हणून मी लाईट जायची वाट बघते. लाईट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते. कारागीर बाहेर येऊन चहाच्या टपरीवर उभे राहतात, शेठ लोक कपाळाला हात लावतात आणि मी खिडकीच्या उजेडात कापड पसरून कामाला लागते. लाईट गेल्यावर खूश होणारी अख्ख्या भिवंडीत मी एकटीच असेन. गल्लीतल्यांना हे माहीत आहे. त्यामुळे लाईट गेली की खालून कोणीतरी हमखास ओरडतं, "मॅडम, आपका दिन आया!"

चार-पाच वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. पाऊस लांबला होता, कपाटातल्या भिंतीला ओल आली होती आणि नवरात्रात बघते तर माझ्या नेहमीच्या लेन्सच्या आत बुरशी. काचेवर नाही, दोन काचांच्या मधे, हात पोचणार नाही अशी. दुरुस्तीवाला म्हणाला, तुळशीचं लग्न झाल्यावर या. दुसरी लेन्स घ्यायची ऐपत नव्हती. म्हणजे दसरा, दिवाळी, कापणी, सगळा तो काळ माझ्या हातात एकटी मॅक्रो. माणसं काढायची तर तिनेच, रस्ता काढायचा तर तिनेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी पहिले आठ दिवस लेन्सला शिव्या घालण्यात घालवले.

तिचा पहिला त्रास असा की ती माणसाला लांब ढकलायला लावते. नवरा-बायको आणि दोन मुलं असा साधा फोटो काढायचा, तर मी मागे सरत सरत खोलीच्या दारात, मग दाराबाहेर, मग जिन्यात. एका गृहस्थाने विचारलं, "ताई, तुम्ही घरी चाललात की काय?" आणि दुसरा त्रास अगदी उलटा. जवळ गेलं तर ती इतकं दाखवते की माणूस दचकतो. एक डोळा लख्ख, दुसरा धुक्यात. नाकावरचं एकेक छिद्र मोजून घ्यावं असं, आणि कान गायब. शिवाय नेम धरताना ती पुढे-मागे घरघरत राहते. तोवर समोरच्याचं हसू आंबून जातं.

रस्त्यावर तर आनंदच होता. नाक्याच्या या बाजूला उभं राहून त्या बाजूचा माणूस धरायचा आणि मधे टेम्पो, हातगाडी, कल्याण-कल्याण ओरडणारा रिक्षावाला. आठ-दहा दिवसांनी मी हार मानली आणि अख्खा माणूस काढायचा नाद सोडला. मग लहान लहान गोष्टी दिसायला लागल्या. रिक्षावाल्याच्या शर्टाचं एक बटण वेगळं, लाल दोऱ्याने लावलेलं. सूत गुंडाळलेला लूमचा जड बीम वाहून वाहून हमालाच्या खांद्यावर पडलेला घट्टा. मेंदीवालीच्या स्वतःच्या बोटांवर मेंदी नसणं. इतकी वर्षं मी या नाक्यावरून रोज जाते आणि यातलं काही बघितलेलं नव्हतं. नुसती गर्दी बघत होते.

त्याच दिवसांत शकीलचा फोटो काढला. शकील खालच्या लूमवरचा कारागीर, अलाहाबादकडचा, पस्तिशीचा असेल. लाईट गेली म्हणून टपरीवर उभा होता आणि उन्हाची तिरीप बरोबर त्याच्या डोळ्यांवर. मी कॅमेरा उचलला तसा म्हणाला, "मेरा काहे को, मॅडम? मैं कपड़ा थोड़ी हूँ." लेन्समधून बघते तर त्याच्या पापण्यांवर रुई. लूमवर सूत झडतं त्याचा भुसा, पापणीच्या एकेका केसावर बसलेला, पांढरा. मला फोटो इतका आवडला की मी लगेच त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इसमें तो मेरी पलकें सफ़ेद हो गईं. अम्मी को मत भेजना, रोएगी. बोलेगी, लड़का वहाँ बूढ़ा हो गया."

मी त्याला म्हटलं, थांब. लाईट आल्यावर वर जाऊन कॉम्प्युटरवर ती रुई काढली. त्यात एक ब्रश असतो. डागावर ठेवून टिचकी मारली की आजूबाजूचा रंग त्यावर पसरतो आणि डाग होता हेच कळत नाही. पाऊण तास लागला, पण शकीलच्या पापण्या पुन्हा काळ्याभोर झाल्या. त्याने तो फोटो गावी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा निरोप आला की पोरगा तब्येतीने सुधारलाय. तो मला सांगायला जिना चढून आला आणि येताना गरम समोसे घेऊन आला. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात खालच्या आणखी चौघांची रुई मी पुसून दिली. एखाद्या कामाला हात बसतो ना, तसा हात बसला.

त्या बसलेल्या हाताने मी मथुरामावशीच्या वाटेला गेले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद, आणि हळदीच्या आठ-दहा दिवस आधीच नाक्यावर बॅनर. नवरामुलगा मधे, भावकी खाली, आणि अगदी वर, देवाच्या बाजूला, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. म्हाताऱ्या माणसाचा नीट फोटो त्या निमित्ताने एकदा काय तो निघतो. पुढे ते माणूस गेलं की घाईत कोणी नवा फोटो शोधत नाही. बॅनर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये तो असतोच. तोच श्रद्धांजलीच्या बॅनरवर येतो, तोच बाराव्या-तेराव्याच्या कार्याला पाटावर ठेवतात आणि मग तोच भिंतीवर जातो. म्हणजे हळदीसाठी हसून काढलेला फोटो हाच माणसाचा शेवटचा चेहरा. याच्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं.

मथुरामावशी राहनाळची. माझं तिच्याशी नातं काही नाही, पण तिच्या घरची सगळी लग्नं मीच काढली. तिचा मुलगा जनार्दन, त्याला सगळे जनाशेठ म्हणतात. जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं, दारात दोन गाड्या आल्या. पण दोन गोदामांच्या मधे बैलगाडी जाईल एवढी जी पट्टी उरली होती ती मावशीने सोडली नाही. "हिथं भात लावनार," एवढंच ती म्हणायची, आणि लावायची. नातवाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं होतं आणि बॅनरवर सगळ्यात वर मावशी हवी होती. तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते.

मी गेले तेव्हा ती नऊवारी नेसून, नथ घालून ओटीवर खुर्चीत बसली होती. मी मॅक्रो लावून मागे सरत सरत अंगण ओलांडून गाडीपर्यंत गेले. ती तिथून ओरडली, "जवल ये गो पोरी. येवऱ्या लांबून तुला काय दिसनार?" मी म्हटलं, मावशी, ही लेन्स अशीच आहे. ती म्हणाली, "मंग ती लेन खोटी हाय." फोटो मात्र चांगला आला. निघताना जनाशेठ फाटकापर्यंत सोडायला आला आणि जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, "ताई, डाग-बिग काढून टाका हां. जन्मभर उन्हात राबली ती. एकदा तरी माझी आई झकास दिसू दे." त्याच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता, माया होती. ती मला कळली, म्हणूनच मी मनापासून कामाला बसले.

मावशीच्या गालांवर, कपाळावर वांगाचे काळपट डाग होते. मॅक्रोने ते सगळे इमानदारीने टिपले होते. मी एकेक पुसत गेले. गाल झाले, कपाळ झालं, मग हनुवटी. हनुवटीवर तीन होते, जरा हिरवट, विटलेले. टिक, टिक, टिक. त्याच फाईलवर जपून ठेवलं, बॅनरवाल्याला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कापडाचं काम होतं म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून मोकळं केलं. माझ्या स्वतःच्या आईच्या मनगटावर गोंदण होतं. विटलेलं गोंदण कसं दिसतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

बॅनर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या जिन्यात काठीचा आवाज आला. मावशी एकटी शेअर रिक्षाने आली होती. कापणीतून तशीच उठलेली, काष्टा खोचलेला, पदराला भाताची कुसळं. ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाक्यावर ती बाई कोन लावलीस?"

"मावशी, तुमचाच फोटो आहे."

"नाक माजं हाय. नथ माजी हाय. हनवटी कोनाची हाय?"

तिने मान वर केली आणि बोट लावून दाखवलं. तेव्हा मला ते दिसलं. तीन ठिपके, त्रिकोणात. मी काय करून बसले होते ते कळलं.

"सोनं चोर न्हेतो," ती म्हणाली, "जमीन पोरं न्हेतात. यो दागिना कोन न्हेत न्हाय, अशी माजी आय बोलं. तू न्हेलंस."

मी माफी मागायला लागले तर तिने हातानेच गप्प बसवलं. मग तिने जे सांगितलं ते ती रागाने सांगत नव्हती, मला समजावून सांगत होती. तिची आई गेली तेव्हा मावशी सोळा वर्षांची. आईने तिला शेवटचं बघितलं ते तेव्हा. "आता वर गेल्यावं ती मना कशी वलखनार? केस पांढरं झालं, दात परलं, सुरकुत्या आल्या. तिच्या म्होरं येक म्हातारी जाऊन उभी ऱ्हानार. तिनं गोंदवून घेतलेलं तेवरंच हाय माज्यावं, जसंच्या तसं."

मी म्हटलं, आजच बॅनर बदलून घेते. ती म्हणाली, "बॅनरला काय जालनार? त्यो चार दिसांचा. पन त्योच फोटू माज्या कार्याला येनार, मना म्हाईत हाय. माजे जावंचा तसाच आला. हसत व्हती बया सरनावं जाताना." आणि ती स्वतःच हसली. मी हसू शकले नाही. मूळ फोटो माझ्याकडे उरला नव्हता, आणि हे तिला सांगताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पट्टीत गेले. दोन्ही बाजूंना गोदामांचे पांढरे पत्रे, मधे पिवळं भात, आणि ती विळा घेऊन ओणवी. कापणी सोडून बसणार नाही म्हणाली. मी तिच्या मागे बांधाबांधाने फिरत राहिले. पत्र्यांवरून ऊन परतून सगळीकडून सारखं पडत होतं. फोटोग्राफर अशा उजेडाला जीव टाकतात, चेहरा गुळगुळीत येतो. मला तर गुळगुळीत नको होता. त्या उजेडात गोंदण दिसतच नव्हतं, वांग आणि गोंदण सगळं एक. मी थांबले. चार वाजले, साडेचार झाले. ऊन गोदामाच्या कोपऱ्यावरून तिरपं आलं तेव्हा मावशी पेंढ्यांच्या भाऱ्यावर टेकली, मडक्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, आणि ओल्या कातडीवर ते तीन ठिपके वर आले.

मी जवळ गेले. खूप जवळ, वीतभर अंतरावर. कोणाच्याही चेहऱ्याच्या इतकं जवळ मी कॅमेरा घेऊन कधी गेले नव्हते. तिच्या श्वासाला मशेरीचा वास होता. या अंतरावर श्वासाने सुद्धा नेम हलतो, माझ्याही आणि तिच्याही. मी म्हटलं, मावशी, जरा श्वास धरा. ती म्हणाली, "तू बी धर." दोघींनी धरला. मग सोडला, मग पुन्हा धरला. मधल्या वेळात ती बोलत होती.

तिचं माहेर अकलोली. कापणी झाली की गोंदणारी बाई खळ्यावर यायची, टोपलीभर भात घेऊन गोंदून जायची. मावशी दहा वर्षांची, पाठची बहीण भागी सात वर्षांची. दोघींना एकाच दिवशी गोंदलं. आईने हनुवटी धरली होती. दोन ठिपके नीट झाले. तिसऱ्याला मावशी किंचाळली, आणि बहिणीला मारतायत असं वाटून भागीने गोंदणारीचा हात ओढला. सुई घसरली. मग आईने दोघींना गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन हनुवट्या धुतल्या. "तिसरा बघ, खाली गेलाय. बाजूला सरलाय," मावशी म्हणाली. "घरात कोन इश्वास ठेवत न्हाय. जना बोलतो, तीन सारखेच हायत."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर हनुवटी मोठी करून दाखवली. पडदाभर तीन ठिपके, आणि तिसऱ्याला बारीक शेपूट. सुई ओढली गेली तिथे. तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग कॅमेरा परत दिला आणि विळा उचलला. साठ-पासष्ट वर्षं जे ती लोकांना सांगत होती, ते तिने स्वतःही त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं असावं.

भिंतीवरच्या फ्रेमसाठी मी हातभर मागे सरून तिचा पूर्ण चेहरा काढला. चेहऱ्याचा फोटो काढताना नेम डोळ्यांवर धरायचा असतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. या लेन्सला इतक्या जवळून एकच काय ते लख्ख दाखवता येतं, डोळे नाहीतर हनुवटी. मी हनुवटी धरली. डोळे जरासे धूसर आले. तिचे खरे डोळेही तसेच झाले होते. मी काहीही पुसलं नाही. कपाळाला चिकटलेलं एक कुसळ होतं, तेही ठेवलं.

जनाशेठने ती फ्रेम भिंतीवर लावली नाही. त्याचा राग नव्हता, त्याला वाईट वाटायचं. "ताई, यात आई थकलेली दिसते हो," तो म्हणाला. हॉलमध्ये बॅनरवरचाच गुळगुळीत फोटो लागला आणि माझी फ्रेम मावशीच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत गेली. मी पुढे कधी गेले की तिला विचारायची, मावशी, फोटो लावला का? ती म्हणायची, "मेल्यावं बघीन." तुळशीच्या लग्नानंतर माझी जुनी लेन्स दुरुस्त होऊन आली. मॅक्रो पुन्हा कापडाला लागली. पण पुसायचा ब्रश मी तेव्हापासून फार जपून वापरते. शकीलसारखं कोणी म्हणालं तरी आधी विचारते, नक्की काय काढू, आणि बोट लावून दाखवायला सांगते. लोक हसतात. हसू देत.

कधी कधी वाटतं, पुसणारे आम्ही कोणी दुष्ट नसतो. शकीलला आईचं रडणं वाचवायचं होतं, जनाशेठला आईचे कष्ट पुसायचे होते. मलाही चांगलंच करायचं होतं. फक्त रुई कुठली आणि गोंदण कुठलं हे ठरवताना ज्याचा चेहरा आहे त्याला आम्ही विचारत नाही. लांबून दोन्ही डागच दिसतात.

मथुरामावशी यंदा दसऱ्याच्या आधी गेली. मला कोणी कळवलं नाही, मी नाक्यावरच बघितलं. ती म्हणाली होती तसंच. गुळगुळीत हनुवटी, नथ, हसरा चेहरा, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मला रडू आलं, मावशी गेल्याचं आणि माझ्या हाताचंही. बॅनरवाल्याकडे धावत जावं असं मनात आलं. पण घर त्यांचं, दुःख त्यांचं, मी कोण सांगणारी, असं म्हणून मी गेले नाही. ही माझी दुसरी चूक.

कार्याच्या दिवशी गेले. हॉलमध्ये सतरंज्या, बायका एका बाजूला, पाटावर तोच फोटो आणि झेंडूचा जाड हार. थोड्या वेळाने अकलोलीची माणसं आली. त्यांच्यात पाठीतून वाकलेली, एका सुनेच्या हाताला धरून चालणारी म्हातारी होती. ती भागी. तिला डोळ्यांनी आता अगदी थोडं दिसतं, तेही नाकाजवळ नेलं तर. ती म्हणाली, "मना मथुरीपाशी न्हे." सुनेने पाटापाशी बसवलं. भागीने दोन्ही हातांनी फोटो धरला, चेहरा काचेला लागेल इतका जवळ नेला आणि सावकाश वरून खाली बघत आली. हनुवटीशी थांबली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ही कोन हाय?" तिने विचारलं.

कोणीतरी म्हणालं, मावशी, आईच आहे ती. भागीने मान हलवली. "मथुरी न्हाय ही. मथुरी कुठं हाय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, म्हातारीला भ्रम झाला असं समजून. मी जनाशेठकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो उठला आणि आत गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम होती. त्याने पाटावरचा फोटो उचलून बाजूला ठेवला, आपल्या हाताने हार काढून माझ्या फ्रेमला घातला, आणि हनुवटी झाकली जाते म्हणून तो हार पुन्हा खाली ओढला. मग भागीच्या समोर बसला आणि म्हणाला, "मावशी, आता बघ."

ती वाकली. वीतभर, मग त्याहूनही जवळ. बोट पहिल्या ठिपक्यावर गेलं, दुसऱ्यावर गेलं, आणि तिसऱ्यावर येऊन खाली घसरलं, शेपटाच्या दिशेने.

"हाय," ती म्हणाली. "यो माज्या हातानं झालेला. आय वलखंल." आणि इतका वेळ जी रडली नव्हती ती रडायला लागली. जनाशेठही.

नंतर जेवणं चालू असताना तिला कोणीतरी सांगितलं असावं की फोटो काढणारी ती ही. तिने मला हाक मारली. मी जवळ जाऊन बसले. तिने चाचपडत माझा हात धरला, आपली हनुवटी वर केली, आणि मला दिसले, तीन ठिपके, त्रिकोणात, तिन्ही सरळ.

"माजा बी काढ," ती म्हणाली. "आन् पुसू नको."